चिमणी झोपली का?

रक्त घ्यायच्या खोलीत लहान मूल शिरलं की त्याची नजर आधी सुई शोधते. म्हणून चिऊमावशी सुई कधी दिसूच देत नसे. सुया, नळ्या, कापूस असं सगळं सामान टेबलाच्या खालच्या फळीवर, त्यावर धुतलेलं निळं फडकं, आणि मावशीचे दोन्ही हात समोर, अगदी रिकामे.

"बघ बाबा, माझ्याकडे काहीच नाही," ती म्हणायची. "तुझ्या हातात काय आहे?"

मूल गोंधळून स्वतःच्या तळहाताकडे बघायचं.

"अरे, चिमणी! दिसत नाही होय? धर, धर, उडेल!"

मूठ मिटली की मग मावशीचं गाणं सुरू व्हायचं. 'मुठीत चिमणी, चिव चिव चिव' म्हटलं की मूठ घट्ट मिटायची, 'सोड तिला, भिर भिर भिर' म्हटलं की उघडायची. पुन्हा मिटायची, पुन्हा उघडायची. दंडाला रबरी पट्टा कधी बांधला गेला, कोपराच्या खोबणीतली शीर टपोरी होऊन कधी वर आली आणि सुई कधी आत जाऊन बाहेर आली, हे मुलाला चिमणीच्या नादात कळायचंही नाही. एखादं चतुर मूल शेवटी विचारायचं, "मावशी, टोचलंस का गं?" आणि मावशी साळसूदपणे म्हणायची, "मी? छे. चिमणीनं चोच मारली असेल."

या खेळामुळेच तिचं नाव चिऊमावशी पडलं होतं. दवाखान्यातल्या बाकी कुणाकडे हात पुढे न करणारी मुलं तिच्यापुढे बाही आपणहून वर करायची. मोठ्या माणसांसाठी अर्थात हे लाड नव्हते. त्यांना ती म्हणायची, "मूठ मिटा आणि खिडकीबाहेर बघा. तुम्हाला चिमणी द्यायला तुम्ही काही गोड दिसत नाही."

मावशीच्या खोलीच्या भिंतीत एक हातभर रुंदीची खिडकी होती. रक्ताच्या नळ्या तिच्यातून पलीकडे जायच्या. पलीकडे तपासणीची यंत्रं होती, आणि यंत्रांपाशी होता काटा. काटा हे त्याचं खरं नाव नव्हे, हे सांगायला नको. तराजूचा काटा जसा उगाच इकडे झुकत नाही की तिकडे, तसा हा माणूस. म्हणून सगळे त्याला काटा म्हणायचे, आणि तोही त्या नावाला ओ द्यायचा. तो मावशीचा सख्खा भाचा. त्याची आई दिवसभर कामावर असायची, तेव्हा हा मावशीच्याच मांडीवर वाढला. "मावशी सगळ्या दुनियेची," तो म्हणायचा, "पण हक्काचा भाचा मी एकटाच."

"हक्काचा म्हणून तर तुझं बोलणं ऐकून घेते," मावशी खिडकीतून सुनवायची. "काल काय निरोप पाठवलास? नळी अर्धवट भरलीय! अरे मेल्या, त्या म्हातारबाबांच्या अंगात तेवढंच होतं."

"मग त्यांना आधी पाणी पाजायचं आणि मग घ्यायचं. अर्ध्या नळीवर माझं यंत्र अर्धंच बोलतं."

अशी त्यांची जुगलबंदी रोज चालायची, आणि खोलीबाहेर बाकावर बसलेल्या लोकांचा वेळ बरा जायचा.

त्या बाकावर गेले काही महिने एक मुलगी नेमानं येत होती. आठेक वर्षांची, पण एका जागी बसेल तर शपथ. तिचे बाबा तिला भिंगरी म्हणायचे. बाबा शहराच्या बसचे ड्रायव्हर. खाकी गणवेशातच यायचे, लेकीला मावशीच्या खुर्चीवर बसवायचे आणि स्वतः तोंड फिरवून भिंतीकडे बघत राहायचे. एवढी मोठी बस हाकणारा माणूस, पण लेकीचं रक्त बघवायचं नाही.

भिंगरीच्या मूत्रपिंडांना गळती लागली होती. चाळणीची भोकं मोठी झाली की पिठाबरोबर कोंडाही खाली पडतो ना, तसं झालं होतं. शरीराला हवं असलेलं प्रथिन लघवीवाटे वाहून जायचं. रोजची एक गोळी ती गळती थोपवून धरत होती. गोळी गुणी होती, पण तिला एक खोड होती. तिच्यामुळे रक्तातलं पोटॅशियम वाढू शकायचं. पोटॅशियम म्हणजे रक्तातला एक क्षार. हृदय ठेक्यात चालायला तो हवाच, पण मापात हवा. फार कमी झाला तरी ठेका चुकतो, फार जास्त झाला तरी चुकतो. म्हणून भिंगरीचं रक्त पुन्हा पुन्हा तपासावं लागायचं. आणि अलीकडे दर वेळी ते पोटॅशियम वर चढलेलंच दिसत होतं.

केळ्यात हा क्षार भरपूर, म्हणून आधी तिचं केळं बंद झालं. मग बटाटा, मग टोमॅटो, मग संत्रं.

"आता फक्त हवा खायची उरलीय," भिंगरीनं एकदा मावशीला सांगितलं. "आणि बाबांनी पण केळं सोडलंय. आई म्हणते, घरात एक भिंगरी पुरे होती, आता दोन झाल्या."

"आणि तुमचं तान्हं बाळ?"

"बाळाला अजून दातच नाहीत. ते नुसतं झोपतं. ते झोपलं ना, की आमच्याकडे शिंकायचीसुद्धा चोरी! मी टाचा उचलून चालते. अशी." आणि खुर्चीतून उतरून तिनं ते चालूनही दाखवलं.

त्या सोमवारी मुलांच्या डॉक्टरबाई स्वतः जिना चढून वर आल्या. एरवी त्या फोन करायच्या. मावशीला "बसा, बसा" म्हणत त्या थेट भिंतीतल्या खिडकीपाशी गेल्या आणि वाकून म्हणाल्या, "काटेसाहेब, जरा वेळ आहे का?"

काट्याचा चेहरा खिडकीत आला.

"भिंगरीचं पोटॅशियम पुन्हा वर आलंय," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण पोरगी बघावी तर दोन-दोन पायऱ्या एकदम चढते. हृदयाचा आलेख काढला, तो अगदी छान. मागे आजीकडे गेली होती तेव्हा ताप आला, तिथल्या दवाखान्यात रक्त काढलं, तर तिथे पोटॅशियम मापात. मग ते आपल्याकडेच का चढतं?"

"माझं यंत्र मी रोज सकाळी तपासून घेतो, बाई."

"मला माहीत आहे. मी भांडायला नाही आले, मदत मागायला आलेय." डॉक्टरबाईंनी आवाज खाली आणला. "गुरुवारी पुन्हा रक्त घेऊ. तेव्हाही असंच आलं तर मला ती गोळी बंद करावी लागेल आणि पोरीला दाखल करून घ्यावं लागेल. गोळी बंद झाली की गळती मोकाट सुटणार, मूत्रपिंडं खराब होत जाणार. आणि गोळी चालू ठेवली आणि रिपोर्ट खरा असला तर? हा जुगार मी तिच्या हृदयावर खेळू शकत नाही. तुम्हाला काही सापडतंय का, तेवढं बघा."

डॉक्टरबाई गेल्या. मावशी निळ्या फडक्याची घडी घालत बसली. घातलेली घडी पुन्हा मोडून पुन्हा घालत बसली.

काटा मात्र कामाला लागला. चोर घरात शिरला की माणूस एकेक खोली बघत जातो, तसा तो चुकीच्या मागावर निघाला. आधी यंत्र. माहीत असलेल्या मापाचं पाणी त्याला पाजून बघितलं, यंत्रानं बरोबर उत्तर दिलं. मग नळीतल्या रक्ताचा वरचा पाणीदार थर उजेडात धरून बघितला. रक्तपेशी वाटेत फुटल्या तर त्यांच्या पोटातलं पोटॅशियम बाहेर सांडतं, आणि तो थर गुलाबी होतो. हा तर स्वच्छ, पिवळसर. मग नळ्यांचा क्रम. जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून जे औषध असतं, त्यातच पोटॅशियम असतं. पोटॅशियम मोजतात ते पिवळ्या झाकणाच्या नळीतून, आणि जांभळीतलं थोडं चुकून तिच्यात गेलं की झाला घोटाळा.

"मावशी, आधी जांभळी भरतेस की पिवळी?"

"पिवळी आधी, जांभळी मागून. तू रांगत होतास तेव्हापासून हेच करतेय."

"नळ्या फ्रीजमध्ये तर नाही ना ठेवत? गारठ्यानंही पेशींतलं पोटॅशियम बाहेर येतं."

"तुझ्या डोक्यात ठेवते. तिथे जागा रिकामीच आहे."

काटा हसला, पण त्याचं समाधान झालं नव्हतं. "रक्त माझ्यापर्यंत येतं तेव्हाच त्यात चूक असते," तो स्वतःशीच पुटपुटला. "म्हणजे चूक खिडकीच्या अलीकडे नाही, पलीकडे आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो खिडकीची बाजू बदलून आला. स्टूल ओढून मावशीच्या खोलीत कोपऱ्यात बसला.

"हे काय? परीक्षा घ्यायला आलास की काय?"

"बघायला आलोय. किती वर्षं तुझ्या नळ्याच बघतोय, हात बघितलेच नाहीत."

मावशीला बरं वाटलं, आणि थोडं नाहीही वाटलं. पण मुलं येऊ लागली आणि ती काट्याला विसरली. एक गुबगुबीत मुलगा आला, रडतच आला आणि चिमणी सोडत हसत गेला. मग एक गंभीर मुलगी आली. तिनं चिमणीला नाव काय ठेवायचं हे आधी ठरवून घेतलं. मावशीचा आवाज खोलीभर फिरत होता. मुठीत चिमणी, चिव चिव चिव. सोड तिला, भिर भिर भिर.

काटा सुरुवातीला हसत होता. त्याच मांडीवर, त्याच गाण्यावर तोही कधीतरी मुठी उघडत-मिटत होता. मग हळूहळू त्याचं हसू मावळलं. तो बघत राहिला. दंडावर घट्ट पट्टा. खाली छोटीशी मूठ, मिटतेय, उघडतेय, मिटतेय, उघडतेय. आणि सुई जायची तीही नेमकी त्याच हातात.

तो उठला आणि आपल्या यंत्रांकडे गेला.

दुपारी दोघं डबे उघडून बसले तेव्हा काटा आपल्या डब्याकडे नुसता बघत होता.

"भाजी खारट झालीय का?" मावशीनं विचारलं.

"नाही गं."

"मग बोल. लहानपणी काचेचा पेला फोडलास तेव्हा असाच बसला होतास."

"मावशी, चूक सापडली बहुतेक." काट्यानं घास खाली ठेवला. "पण पेला मी नाही फोडलेला."

मावशीचा हात जागीच थांबला.

काटा तिला समजावू लागला. घाईत नाही, तिनं त्याला कधीतरी घड्याळ शिकवलं होतं तशा धीरानं. "असं समज, आपले स्नायू म्हणजे घरं आहेत. पोटॅशियम घरात राहतं, रस्त्यावर फार थोडं असतं. स्नायूनं काम केलं की घरातली काही मंडळी बाहेर येतात. एरवी रक्त वाहत असतं, ती पांगून जातात. पण आपण दंडाला पट्टा बांधून रस्ताच अडवलेला असतो. मूठ पुन्हा पुन्हा मिटली-उघडली की सगळी गर्दी तिथेच साठते, आणि सुई आपण नेमकी त्या गर्दीत घालतो. यंत्र म्हणतं, बापरे, केवढी माणसं! त्याला काय माहीत, बाकीचं गाव रिकामं आहे."

"चिमणी," मावशी हळूच म्हणाली.

"बाकीची पोरं चारदोनदा मूठ दाबतात. त्यांचं पोटॅशियम बघायचंही नसतं, त्यांना काही फरक पडत नाही. भिंगरीचं बघायचं असतं. आणि भिंगरी..."

"भिंगरी काही अर्धवट करत नाही," मावशीनं वाक्य पुरं केलं. "तिची शीर लवकर सापडत नाही. मी गाणं पुन्हा म्हणते. ती जीव तोडून मूठ दाबते. शाबास म्हणते मी तिला, आणखी जोरात म्हणते." तिनं डबा मिटला. "म्हणजे तिच्या तोंडचं केळं मी काढलं."

"मावशी, तसं नको ना म्हणू."

"मग कसं म्हणू? गोड बोलून सांगितलं म्हणून खोटं ठरतं का?" मग एकदम तिचा आवाज चढला. "आणि कशावरून? तुला आज सुचलं म्हणून खरं? इतकी वर्षं कुणी बोललं नाही!"

काट्यानं डब्याचं झाकण लावलं. तिला राग आला की वाद घालायचा नसतो, हे तो तिच्याकडूनच शिकला होता.

जरा वेळानं मावशीच उठली. आपल्या खुर्चीत नाही, समोरच्या खुर्चीत जाऊन बसली, जिथे रोज मुलं बसायची. दोन्ही बाह्या वर केल्या.

"घे. या हाताचं चिमणी खेळून घे, त्या हाताचं चिमणीशिवाय. मग तुझं यंत्र काय म्हणतं ते बघू."

आता एक गंमत सांगायला हवी. जगाला सुया टोचणारी ही बाई स्वतःला टोचून घ्यायला मात्र भयंकर घाबरायची. ही गोष्ट फक्त काट्याला ठाऊक होती. त्यानं हातमोजे चढवले, पट्टा बांधला. मावशीनं डोळे गच्च मिटले आणि उजवी मूठ उघडत-मिटत गाणं म्हणायला लागली. चिव चिवपर्यंत आवाज ठीक होता, भिर भिरला थरथरला.

"मावशी, झालं."

"झालं? टोचलंस कधी?"

"मी? छे. चिमणीनं चोच मारली असेल."

मावशीनं डोळे उघडून भाच्याकडे बघितलं. रागवावं की हसावं हे तिला कळेना, म्हणून तिनं दुसरा हात पुढे केला. हा हात मांडीवर नुसता पडून राहिला. बोटं सैल, तळवा उघडा. पट्टा बांधला न बांधला तोच काट्यानं रक्त घेतलं आणि पट्टा सोडला.

यंत्राला वेळ लागतो. मावशी खिडकीपाशी उभी राहून वाट बघत होती. काटा परत आला, पण आकडे सांगायचं त्याच्या जिवावर आलं होतं. उजव्या हाताचं पोटॅशियम चढलेलं, दवाखान्यातून कुणी घरी सोडणार नाही इतकं. डाव्या हाताचं अगदी मापात. माणूस एकच, वेळ एकच, यंत्र एकच.

"एकाच बाईचे दोन हात," मावशी म्हणाली, "आणि दोघांचं पटेना." तिला हसायचं होतं, पण ते जमलं नाही. "किती पोरांचं असं झालं असेल रे?"

"पोटॅशियम बघायला लागतं अशी मुलं थोडीच. डॉक्टरबाईंना आत्ताच सांगतो. ज्यांचं वर आलं होतं, त्यांना त्या परत बोलावतील. आणि वर आलेलं दिसलं की त्या नेहमी पुन्हा तपासून घेतातच, म्हणून तर इथवर आलो."

"मी सांगते. चूक माझ्या खोलीतली आहे, मीच जिना उतरते."

ती उतरली. डॉक्टरबाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी एक मोठा श्वास सोडला आणि त्यांच्या खांद्यांवरचं काहीतरी उतरलं. "मावशी, बरं झालं सांगितलंत. पण गुरुवारचं रक्त असं घ्या की मला शंका उरता कामा नये. हात अगदी सैल हवा. रडून, झटापट करून घेतलं तरी स्नायू आवळतात, मग पुन्हा तोच गोंधळ."

"दुसऱ्या कुणाला सांगू का?" मावशीनं विचारलं.

"दुसऱ्या कुणासमोर ती हात सैल सोडेल?"

मावशी पुन्हा जिना चढली, आणि प्रत्येक पायरीला तिच्या मनात एकच प्रश्न येत होता. चिमणी नाही, तर मग पोरीला देऊ काय? चिमणी काढून घेतली तर मी कोण? नुसती सुईवाली.

गुरुवारी भिंगरी आली ती उडतच आली. मागून बाबा आले. त्यांच्या हातात एक पिशवी होती आणि पिशवीत भिंगरीचे कपडे, कंगवा आणि एक कापडी ससा होता. दाखल करायचं झालं तर असू द्यावं म्हणून बरोबर आणलेलं.

तिनं बाबांना आधी बसवलं. "थोडं सांगायचंय," ती म्हणाली. "भिंगरीचं रक्त घेताना माझ्याकडून चूक होत होती. मी तिला मूठ उघड-मीट करायला लावायची, त्यानं आकडा खोटाच वर जात असणार. आज तसं करणार नाही. आज काय येतं ते खरं समजायचं."

बाबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "म्हणजे पोर बरी आहे?"

"ते आज कळेल. मी आत्ताच हो म्हणणार नाही."

"आणि ते केळं वगैरे..."

"ते माझ्या नावावर," मावशी म्हणाली.

बाबांनी टोपी पुन्हा डोक्यावर चढवली. मग म्हणाले, "मावशी, वळण चुकलं तर मीसुद्धा बस मागं घेतो. उतारू ओरडतात. पण चुकीच्या रस्त्यानं पुढे दामटण्यापेक्षा ते बरं." आणि सवयीप्रमाणे ते तोंड फिरवून भिंतीकडे बघायला लागले.

भिंगरी खुर्चीवर चढून तयार होती. बाही वर, मूठ पुढे.

"चिमणी दे."

"आज..." मावशी म्हणाली. आज चिमणी आली नाही, असं म्हणायचं तिनं ठरवून ठेवलं होतं. पण भिंगरीनं तेवढ्यात खालच्या फळीवरचं निळं फडकं बघितलं. आज मावशीनं ते नीट पसरलं नव्हतं, एका बाजूनं सरकलं होतं. सुईचं टोक दिसत होतं.

भिंगरीचा खालचा ओठ बाहेर आला. दंडापासून बोटांपर्यंत हात काठीसारखा ताठ झाला. "चिमणी दे ना," ती म्हणाली, आणि आता त्यात खेळ नव्हता.

मावशीनं त्या आवळलेल्या मुठीकडे बघितलं. तिला काही सुचेना. मग तिला आठवल्या त्या उचललेल्या टाचा. शिंकायचीसुद्धा चोरी.

तिनं ओठांवर बोट ठेवलं. "श्श. हळू बोल. चिमणी तुझ्याच हातात आहे, पण आत्ताच डोळा लागलाय तिचा."

भिंगरी चमकली. "झोपली?" तिनं एकदम कुजबुजत विचारलं.

"रात्रभर पिल्लू रडत होतं. दमलीय बिचारी."

"आमचं पण बाळ रडतं," भिंगरी कुजबुजली. तिनं मुठीकडे बघितलं. मग तिला काय वाटलं कोण जाणे, तिनं एकेक बोट अलगद उघडलं. आवळलेल्या मुठीत कुणी झोपतं का? तळवा खुर्चीच्या हातावरच्या छोट्या उशीवर ठेवला. बोटं सैल सोडली. हात असा काही पसरला, जणू त्यावर खरंच कापसाएवढं काहीतरी ऊबदार पडलेलं आहे.

मावशी गाऊ लागली, गाणं कसलं, श्वासच तो. आणि शब्द तिला गाता गाताच सापडत गेले.

"हातात चिमणी झोपली गं,
पंखात चोच तिनं खुपसली गं..."

तिनं हात न हलवता शीर चाचपली. शीर आज वर आली नव्हती, पण मावशीच्या बोटांना ती आत, खोल, दोरीसारखी लागली. एवढी वर्षं गाण्याच्या भरवशावर तिनं डोळ्यांनीच शीर शोधली होती, बोटं मात्र काही विसरली नव्हती. पट्टा बांधला, सुई गेली. भिंगरीचे डोळे मोठे झाले, ओठ मुडपला, पण बोट एकही हललं नाही. रक्त यायला लागताच पट्टा सुटला. आधी पिवळी नळी, मग जांभळी. सुई बाहेर, कापूस, चिकटपट्टी.

"उठली का?" भिंगरीनं कुजबुजत विचारलं.

"तू उठवशील तेव्हा उठेल."

"आता सोडू?"

"आता सोड."

भिंगरीनं हात उंच उडवला. "भिर्रर्र!" ती ओरडली, आणि भिंतीकडे तोंड करून बसलेले बाबा दचकून टोपीसकट उभे राहिले.

नळ्या खिडकीतून पलीकडे गेल्या. मग वाट बघणं. भिंगरी खोलीभर चिमणी शोधत फिरली. बाबा पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत, सोडत राहिले. मावशीनं दोन मोठ्या माणसांचं रक्त घेतलं, आणि दोघांनाही खिडकीबाहेर बघायला सांगायची विसरली. भिंतीतल्या खिडकीकडे मात्र ती बघतच नव्हती. बघितलं की वेळ जास्त लागतो, असं तिला वाटत होतं.

शेवटी खिडकीची काच सरकली.

काट्याचा चेहरा दिसला नाही. फक्त एक हात बाहेर आला, बाही कोपरापर्यंत दुमडलेली, मूठ घट्ट मिटलेली. खोलीतले सगळे त्या मुठीकडे बघत राहिले. उगाच इकडे न झुकणारा, तिकडे न झुकणारा तो काटा. आणि मग त्या मुठीची बोटं हळूहळू उघडली, सगळी, पार पसरून, आणि हात पंखासारखा हलला.

"उडाली!" भिंगरी किंचाळली. "बाबा, त्याच्याकडे होती! उडाली!"

"मापात?" मावशीनं विचारलं. तिचा आवाज जेमतेम ऐकू आला.

"अगदी मापात," काटा खिडकीपलीकडून म्हणाला. "डॉक्टरबाईंना फोन केलाय. गोळी चालू ठेवायची. पोरीला घरी न्या."

बाबांनी पिशवी उचलली, पुन्हा खाली ठेवली, आणि टोपी डोळ्यांवर ओढून घेतली. ड्रायव्हर लोकांच्या डोळ्यांत धूळ फार जाते.

"मावशी," भिंगरी पट्टीवर बोट ठेवून म्हणाली, "पुढच्या वेळी पण झोपलेलीच दे हं. ती चांगली आहे. ती चोच मारते, पण हळू."

त्यानंतर त्या खोलीत नवीन कुणी रक्त घ्यायला शिकायला आलं की मावशी त्याला आधी मुलाचा तळहात बघायला शिकवायची. पट्टा कमीत कमी वेळ, मूठ एकदाच मिटायची, नाहीतर हात मोकळा ठेवायचा, हे सगळं ती सांगायचीच. पण एवढं लांबलचक कोण रोज म्हणत बसणार? त्यामुळे खिडकीतून नळी पलीकडे गेली की काटा, तराजूचा काटा तो, अजूनही अगदी गंभीर आवाजात एकच विचारतो, "मावशी, चिमणी झोपली होती ना?"

आणि मावशी म्हणते, "घोरत होती मेली. घे."